ग्रामरचे नियम पाठ आहेत, वर्कशीटही बरोबर येते, पण सॅटच्या मॉकमध्ये परत तेच चुकतं? आधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. सॅटची, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी चालू आहे, सेमीकोलन कुठे येतो ते माहितीये, सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट येतं, मॉडिफायर (दुसऱ्या शब्दाचं वर्णन करणारा तुकडा) येतो, त्या त्या टॉपिकची वर्कशीट घेतली की जवळपास सगळं बरोबर, आणि पूर्ण मॉक दिली की त्याच टॉपिकचे चार-पाच प्रश्न चुकलेले. उत्तर बघितल्यावर वाटतं, अरे हे तर येत होतं मला. मग परत तोच चॅप्टर, परत तीच वर्कशीट, परत सगळं बरोबर आणि पुढच्या मॉकला परत तीच चूक. मुलं यात फार खचतात, काहीजण तर "माझं इंग्लिशच कच्चं आहे" असं ठरवून मोकळे होतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा इंग्लिश कच्चं नसतंच, सराव करायची पद्धत चुकलेली असते.

नेमकं काय होतं सांगते. वर्कशीटच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "सेमीकोलन". म्हणजे अर्धं उत्तर आधीच हातात दिलं. तुम्ही फक्त नियम लावता. परीक्षेत कोणी सांगत नाही की हा प्रश्न सेमीकोलनचा आहे का ॲग्रीमेंटचा का अजून कशाचा, ते तुम्हाला ओळखायचंय, आणि या ओळखण्याचा सराव तुम्ही कधी केलेलाच नाही. नियम येणं वेगळं आणि इथे कुठला नियम लागतोय हे कळणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा सराव वेगळा करावा लागतो, तो वर्कशीटमधून आपोआप होत नाही.

यावर गणितातला एक प्रयोग आहे, २००७ मध्ये डग रोहरर आणि केली टेलर यांनी छापलेला. कॉलेजच्या मुलांना घनफळाची सूत्रं शिकवली, एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग दिली, दुसऱ्या गटाला सगळी मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची फक्त ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. विषय गणिताचा आहे हे मान्य, पण हे वाचून मला लगेच ग्रामरच्या वर्कशीट आठवल्या. सरावात बरोबर येतंय म्हणजे शिकून झालं असं नसतं, आणि मिसळून सोडवताना चुकतंय म्हणजे बिघडतंय असंही नसतं.

आधी बघा तुम्ही सराव कशातून करताय

हे दोन मिनिटांचं काम आहे पण बरेचजण करत नाहीत. सॅट आता पूर्ण डिजिटल आहे, अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून. रीडिंग अँड रायटिंग सेक्शनला ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, २७-२७ चे दोन मॉड्यूल. त्यात स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स म्हणजे आपण ज्याला ग्रामर म्हणतो ते ११ ते १५ प्रश्न, साधारण सव्वीस टक्के. प्रत्येक प्रश्नाला २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा आणि त्यात एक रिकामी जागा. आता तुमच्याकडचं पुस्तक जर लांबलचक उतारे, अधोरेखित शब्द आणि "नो चेंज" असा पर्याय देत असेल तर ते जुन्या कागदी परीक्षेचं आहे. नियम तेच असले तरी प्रश्नाची ठेवण वेगळी, त्यामुळे ओळखण्याची सवय चुकीच्या ठेवणीची लागते. आणि शाळेतलं ग्रामर, म्हणजे ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, ते इथे त्या रूपात येतच नाही, त्यावर तास घालवू नका.

अजून एक, परीक्षा अमेरिकन इंग्लिशची आहे. ब्रिटिश पद्धतीत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट असल्या शब्दांना अनेकवचनी क्रियापद चालतं, इथे एकवचनीच धरा.

मुख्य उपाय: उतारा वाचायच्या आधी पर्याय बघा

ग्रामरच्या प्रश्नात माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या एका सवयीने पडतो. चार पर्यायांमध्ये काय बदलतंय ते आधी बघायचं. शब्द तेच आणि फक्त विरामचिन्हं बदलतायत? मग प्रश्न वाक्यांच्या सीमेचा आहे, वाक्य कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं तेवढं शोधायचं. क्रियापद तेच पण इज, आर, वेअर, हॅव बीन असं बदलतंय? आधी कर्ता शोधा. क्रियापदाची रूपं बदलतायत पण त्यात एखादं आयएनजीवालं, एखादं टू-वालं आहे? मग तो काळाचा प्रश्न नसण्याची शक्यता जास्त, तो वाक्याला मुख्य क्रियापद आहे का नाही याचा प्रश्न आहे. पर्यायांत अख्खी वाक्यं उलटसुलट केलेली आहेत आणि उताऱ्यात त्याच्या आधी एक अर्धवट तुकडा आणि स्वल्पविराम आहे? मॉडिफायर.

सुरुवातीला हे हळू होतं आणि कंटाळवाणं वाटतं. त्यासाठी एक वेगळा सराव करा, प्रश्न घ्यायचे आणि सोडवायचेच नाहीत, फक्त पर्याय बघून तोंडाने म्हणायचं "हा सीमेचा", "हा कर्त्याचा", "हा मॉडिफायरचा", आणि पुढे जायचं. उत्तर काढायचं नाही. ऐकायला विचित्र वाटेल पण जी गोष्ट परीक्षेत अडते तिचाच हा सराव आहे.

प्रश्न कुठून घ्यायचे तर सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची क्वेश्चन बँक फुकट आहे, खान अकॅडमीवर पण आहे. फक्त क्वेश्चन बँकेत एक गोष्ट सांभाळा, तिथे स्किलप्रमाणे फिल्टर लावता येतो, "बाउंड्रीज" वेगळं आणि "फॉर्म, स्ट्रक्चर अँड सेन्स" वेगळं, आणि तो फिल्टर लावलात की परत तीच वर्कशीट झाली, कारण कुठल्या प्रकारचा प्रश्न येणार ते आधीच कळलं. म्हणून पूर्ण कन्व्हेन्शन्सचा डोमेन निवडा आणि सगळं मिसळून घ्या. ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपमधल्या पूर्ण लांबीच्या टेस्ट मात्र अशा तुकड्या-तुकड्याने वाया घालवू नका, त्या मॉकसाठीच ठेवा.

आता जिथे जिथे परत परत अडतं त्या जागा, आणि सगळ्यांवर सारखं लिहीत नाही कारण सगळ्या सारख्या त्रासदायक नाहीत.

स्वल्पविराम, आणि आपला कान का फसतो

मराठीत आपण "आभाळ भरून आलं, आम्ही घरात पळालो" असं बिनधास्त लिहितो आणि ते कुणाला खटकत नाही. दोन पूर्ण वाक्यं, मध्ये स्वल्पविराम, काम झालं. इंग्लिशमध्ये याला कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि सॅटमध्ये ते थेट चूक. पण आपल्या कानाला ते चूक वाटतच नाही, म्हणून मनात वाचून "बरोबर वाटतंय" यावर टिक करणारी मुलं इथे हमखास अडकतात. इथे कान बाजूला ठेवा. रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग एकटा वाचा, पूर्ण वाक्य आहे का? उजवीकडचा एकटा वाचा, पूर्ण आहे का? दोन्ही पूर्ण असतील तर मध्ये पूर्णविराम, सेमीकोलन, किंवा स्वल्पविरामासोबत अँड, बट, सो असला जोडशब्द. नुसता स्वल्पविराम नाही आणि काहीच नाही असंही नाही. यातून एक सोपी गोष्ट निघते, दोन वाक्यांच्या मधे पूर्णविराम आणि सेमीकोलन एकच काम करतात, तेव्हा दोन पर्यायांमध्ये बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त या दोन चिन्हांचा असेल तर दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, म्हणजे दोन्ही गेले.

कोलनचं वेगळं. कोलनच्या आधी पूर्ण वाक्य लागतंच, नंतर काहीही चालतं, यादी, एक शब्द, किंवा पूर्ण वाक्य. मुलं उलटं लक्षात ठेवतात, "यादी आली की कोलन". यादी आहे पण आधीचा भाग "द थ्री कलर्स आर" असा अर्धवट आहे तर कोलन चूक.

आणि हाउएव्हर. यावर जरा थांबते कारण चांगल्या चांगल्या मुलांचं हे जातं. पाठ केलेलं असतं की हाउएव्हरच्या आधी सेमीकोलन, नंतर स्वल्पविराम. बहुतेक वेळा ते चालतं. पण हे बघा: "क्रिटिक्स प्रेझ्ड द नॉव्हेल. ऑर्डिनरी रीडर्स इग्नोर्ड इट, हाउएव्हर; दे फाउंड द प्लॉट स्लो." इथे सेमीकोलन हाउएव्हरच्या नंतर आहे आणि तेच बरोबर. कारण विरोध कुठल्या दोन गोष्टींत आहे? समीक्षकांनी वाखाणलं आणि वाचकांनी दुर्लक्ष केलं, यात. वाचकांनी दुर्लक्ष केलं आणि त्यांना कथानक संथ वाटलं यात विरोध नाही, ते तर कारण आहे. म्हणून हाउएव्हर डावीकडच्या वाक्याचा भाग. पाठांतरावर गेलात तर चुकणार, अर्थ बघितलात तर सुटणार. असा प्रश्न आला की आधीचं वाक्य वाचल्याशिवाय टिक करूच नका, फक्त रिकामी जागा असलेलं वाक्य वाचून हा सुटत नाही.

आयएनजीवाला सापळा

पर्याय असे समजा: हॅज कॅप्चर्ड, कॅप्चरिंग, हॅविंग कॅप्चर्ड, टू कॅप्चर. वाक्य: "द टेलिस्कोप, लाँच्ड इन १९९०, ___ इमेजेस ऑफ डिस्टंट गॅलेक्सीज." इथे बरेचजण लाँच्डला क्रियापद समजतात, वाटतं की क्रियापद झालंय, आता आयएनजी चालेल. पण लाँच्ड इन १९९० हा दोन स्वल्पविरामांमधला जोड आहे, तो बोटाने झाका आणि वाचा, द टेलिस्कोप पुढे काहीच क्रियापद नाही. म्हणून हॅज कॅप्चर्ड. आता याचंच उलटं: "द टेलिस्कोप ऑर्बिट्स द अर्थ, ___ इमेजेस ऑफ डिस्टंट गॅलेक्सीज." आता ऑर्बिट्स हे मुख्य क्रियापद आधीच आहे, जोडशब्द नाही, तेव्हा इथे कॅप्चरिंग. इट कॅप्चर्स घातलं तर परत कॉमा स्प्लाइस. या दोन वाक्यांची जोडी वहीत लिहून ठेवा, खरंच, कारण रिकाम्या जागेपुढचे शब्द तेच आणि उत्तर उलटं, आणि "आयएनजी असलं की चूक" असला जो शॉर्टकट फिरत असतो तो किती फसवा आहे ते लगेच दिसतं.

कर्ता आणि क्रियापद

नियम सगळ्यांना येतो, चूक जवळच्या शब्दामुळे होते. "द कलेक्शन ऑफ रेअर मॅन्युस्क्रिप्ट्स" म्हटल्यावर कानात मॅन्युस्क्रिप्ट्स उरतं आणि हात आरवर जातो. मला वाटतं आपल्याला हे जास्त नडतं, कारण मराठीत "मुलाने पुस्तक वाचलं", "मुलाने कादंबरी वाचली" यात क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, शेजारच्या कर्माकडे बघतं. शेजारच्या शब्दाशी जुळवायची सवय रक्तातच आहे. इंग्लिशमध्ये क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं, मध्ये कितीही शब्द येऊदेत. ऑफ, इन, विथ, अलाँग विथ यांनी सुरू होणारे तुकडे आणि दोन स्वल्पविरामांमधले तुकडे पेन्सिलने नाहीतर मनाने खोडायचे आणि मग उरलेलं वाचायचं. पर्यायांकडे बघूनही मदत होते, तीन अनेकवचनी आणि एकच एकवचनी असेल तर बहुतेक वेळा तो एकटाच उत्तर असतो, पण हा पडताळा म्हणून वापरा, कर्ता शोधायच्या ऐवजी नाही.

मॉडिफायर

"दुर्बिणीतून बघताना चार चंद्र दिसले." मराठीत एकदम ठीक वाक्य आहे, कोण बघत होतं ते आपण समजून घेतो. इंग्लिशमध्ये "लुकिंग थ्रू द टेलिस्कोप," नंतर लगेच जो येईल तोच दुर्बिणीतून बघतोय असा अर्थ होतो. म्हणजे पुढे "फोर मून्स वेअर सीन बाय गॅलिलिओ" आलं तर चंद्रच दुर्बिणीतून बघतायत. पुढे गॅलिलिओच यायला हवा. खरा सापळा मात्र तिसऱ्या पर्यायात असतो, "गॅलिलिओज डिस्कव्हरी" असं सुरू होणारा. गॅलिलिओचं नाव दिसलं की मुलं खूश होतात आणि टिक करतात, पण तिथे कर्ता डिस्कव्हरी आहे, गॅलिलिओ नाही. नाव दिसण्यावर जाऊ नका, नावाला अपॉस्ट्रॉफी एस लागलाय का ते बघा.

अपॉस्ट्रॉफीवर फार बोलायची गरज नाही. इट्स दोन प्रकारे लिहितात आणि दोन्ही ऐकायला एकच, तेव्हा कान इथे काहीच कामाचा नाही. तिथे इट इज किंवा इट हॅज घालून वाक्य वाचा, जमलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही जमलं तर नको.

चुकांची वही, पण "सिली मिस्टेक" हा शब्द बंद

वही बरेचजण ठेवतात पण त्यात लिहितात "सेमीकोलन चुकला", "सिली मिस्टेक". यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. प्रत्येक चुकीसमोर तीन गोष्टी लिहा: पर्यायांमध्ये काय बदलत होतं, उताऱ्यातली कुठली खूण दिसली नाही, आणि चुकीचा पर्याय का आवडला. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक गाळतात. "वाचायला छान वाटलं" असं पाच वेळा लिहिलेलं दिसलं की मग कळतं की नियम कच्चे नाहीत, कानावर भरोसा जास्त आहे. "आधीचं वाक्य वाचलंच नाही" असं दिसलं तर आजार वेगळा आहे. आणि बरोबर आलेले पण अंदाजाने मारलेले प्रश्न पण वहीत गेले पाहिजेत, मॉक देताना ब्लूबुकमध्ये ते रिव्ह्यूसाठी मार्क करून ठेवा म्हणजे नंतर सापडतात.

मग तो चुकलेला प्रश्न लगेच परत सोडवू नका, उत्तर ताजं असतं त्यामुळे बरोबर येणारच आणि खोटं समाधान मिळणार. काही दिवस जाऊद्या, दुसऱ्या प्रश्नांत मिसळा आणि मग सोडवा. सोडवताना बाकीचे तीन का चूक हे पण सांगता आलं पाहिजे, नुसतं हे बरोबर वाटतंय एवढ्यावर तो प्रश्न वहीतून काढू नका.

एवढं करूनही मॉकमध्येच चुकत असेल तर

मग ग्रामर नाही, थकवा किंवा वेळ तपासा. मॉड्यूलमध्ये आधी शब्दार्थ आणि वाचनाचे प्रश्न येतात, ग्रामर त्याच्यानंतर, म्हणजे तुम्ही तिथे पोचता तेव्हा डोकं दमलेलं आणि घड्याळ पळतंय. सरासरी एका प्रश्नाला ७१ सेकंद मिळतात आणि वाचनाचे अवघड प्रश्न त्याहून जास्त खातात, मग ग्रामरला घाई. हे तपासायचं सोपं आहे, एका मॉकमध्ये दोन्ही मॉड्यूलला ग्रामरचे प्रश्न आधी सोडवा, मॉड्यूलच्या आत पुढे-मागे जाता येतं. चुका एकदम कमी झाल्या तर तुमचा प्रॉब्लेम क्रमाचा होता, नियमांचा नव्हता, आणि मग खऱ्या परीक्षेला पण तोच क्रम ठेवा. काही फरक पडला नाही तर परत वहीकडे. पहिल्या मॉड्यूलवरून दुसरा सोपा येणार का अवघड ते ठरतं, म्हणून पहिल्यात घाईने सोपे ग्रामर घालवणं जास्त महागात पडतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा वेळ संपत आला तर रिकामं काही सोडू नका.

अजून एक गोंधळ, मोअरओव्हर, फॉर एक्झाम्पल, देअरफोर असे पर्याय असतील तर तो कन्व्हेन्शन्सचा प्रश्न नाहीच, तो एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज या त्याच सेक्शनच्या दुसऱ्या भागातला ट्रान्झिशनचा, म्हणजे दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दाचा प्रश्न. तिथे ग्रामरने चारही पर्याय बसतात, फक्त अर्थ बघायचा. हे प्रश्न ग्रामरच्या चुकांमध्ये मोजलेत तर "माझं ग्रामर सुधारतच नाही" असं वाटत राहतं, म्हणून मॉकचा हिशोब करताना हे वेगळ्या पानावर लिहा.

परीक्षेला आठवडा राहिला असेल तर नवीन नियम शोधत बसू नका. रोज थोडे मिसळलेले प्रश्न, आधी पर्याय मग उतारा, आणि वहीतलं "का आवडला" हे पान एकदा वाचून काढा. ज्या कारणाने सगळ्यात जास्त वेळा चुकलात ते एकच कारण लक्षात ठेवून टेस्टला बसा, बाकीचं सरावाने होतंय.